अर्धा आटा

चैत्रात येलदरीचं पाणी रोज थोडं मागं सरतं.
गाळ मोजायची सरकारी बोट घेऊन आम्ही परतत होतो.
काठ अजून पन्नास पावलं, आणि खाली नुसता चिखल.
मी टिल्टचं बटण दाबलं.
आतून गुंऽऽ आवाज आला,
झोपेतला माणूस हो म्हणतो तसा.
इंजिनाचा पाय काही उचलला नाही.

सोनकांबळे मॅडम नव्या. म्हणाल्या, मागणीपत्र पाठवू वर.
म्हटलं, मॅडम, मागच्या पत्राला उत्तर आलं
तेव्हा तुम्ही कॉलेजात होता.
मग जिंतूर रोडवरून खाजा मिस्त्रीला बोलावलं.
ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा माणूस.
विजार मांडीपर्यंत गुंडाळलेली, पान्यांची पिशवी डोक्यावर,
चिखल तुडवत आला.
बोटीच्या इंजिनाला त्याचा हात आयुष्यात पहिल्यांदा लागत होता.
ते त्यानं इंजिनाला कळू दिलं नाही.

बॅटरी साडेबारा. फ्यूज शाबूत.
वर दाबलं की रिले टक्, खाली दाबलं की टक्.
"हौ, मोटर जित्ती हाय," म्हणाला,
आणि पाण्यात उतरून पायाखाली खांदा दिला.
पाय आला की वर! जड, पण आला, मारकुटी म्हैस उठावी तसा.
आम्ही हसलो. तो हसला नाही.
"ह्ये वर यायलाच नको व्हतं.
दाबात तेल आसतं तर धा माणसाला हललं नसतं."

खटका लावून पाय अडकवला. टाकीचं बूच काढलं,
बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं.
पाणी शिरलं असतं तर तेल ताकासारखं झालं असतं.
हे लाल, निव्वळ. जरासं कमी.
सीलवर कुठं ओघळ नाही.
मग त्यानं हात पुसत विचारलं,
"याला शेवटचं हातानं कोणी उचललं?"

भाद्रपद. रात्रीचे दोन.
शेळ्या सोडवायला गेलेलं पोरगं आलं नव्हतं.
केरबा हँडलवर, मी पुढं टॉर्च घेऊन.
बुडालेल्या बाभळीत कुणाचं तरी जाळं होतं, पंख्यात गुरफटलं.
तारा भिजल्या होत्या, बटण मुकं.
केरबा छातीभर पाण्यात उतरला,
ब्रॅकेटच्या भोकातला पेच चाचपून सोडला,
एकट्यानं पाय उचलून धरला.
मी कोयत्यानं जाळं कापत राहिलो.
बारा मिनिटं गेली.
पोरगं सकाळी सापडलं. दुसऱ्यांना.
केरबानं गेटरूमची ड्यूटी मागून घेतली.
अर्ज मीच लिहून दिला. कारण: कंबरदुखी.
तेव्हापासून बोट शेडमध्ये. बटण कुणी दाबलंच नाही.

एवढं सगळं मी सांगितलं नाही.
म्हणालो, केरबानं.

खाजानं भोकात पेचकस घातला, मान तिरकी करून फिरवला.
अर्धा आटा. तिथंच बसला.
मी बटण दाबलं. पाय आचके देत वर गेला, खाली आला, पुन्हा गेला,
पाच-सहा खेपांत तेलातली हवा निघाली,
घोटभर तेल वरून घातलं.
मग मात्र तो उठला तो सरळ,
पंख्यावरून गाळ ठिबकत,
आणि पात्याच्या मुळाशी निळ्या नायलॉनचा एक धागा
अजून तसाच.

मॅडमनी वहीत लिहिलं: किरकोळ दुरुस्ती, रुपये दोनशे.

रात्री केरबाला फोन केला.
म्हटलं, बोटीचा टिल्ट गेला होता, झाला नीट.
"कशानं?"
पेच. आवळताना अर्धा आटा राहिला होता.
बराच वेळ गेटरूमचा पंखा तेवढा ऐकू आला.
मग म्हणाला, "हात गार पडले व्हते रे."
पाणी आज चार बोटं उतरलं, मी म्हणालो.